उलटणारा ताप

१९८५ साली मी बँकेत अधिकारी म्हणून मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका शाखेत रुजू झालो. दुपारच्या सुट्टीत डबा घाईघाईने संपवायचा आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मांडलेली जुनी पुस्तके चाळत उभे राहायचे, एवढाच काय तो माझा शौक. धाकटा भाऊ त्या वर्षी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होता. त्याला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हवे होते आणि नवे पुस्तक परवडणारे नव्हते. एका दुपारी त्याच पदपथावर पाठ उसवलेली एक जुनी प्रत हाती लागली. घासाघीस करून मी ती घेतली आणि भावाकडे धाडण्याआधी आठवडाभर स्वतःच पाहत बसलो. मजकुरातले ओ की ठो कळत नव्हते, पण चित्रे! मानेतल्या शिरा, तळहातातले स्नायू, गुडघ्याचा सांधा. कुणीतरी अगदी हलक्या हाताने कातडी बाजूला सारून आत काय आहे ते दाखवावे, तशी ती चित्रे होती. स्नायूचे नाव त्या स्नायूच्याच अंगावर, त्याच्या वळणाने लिहिलेले. पुस्तकाच्या पाठीवर नाव एकच होते, ग्रे. तेव्हा चित्रेही ग्रेसाहेबांचीच असणार, असे मी धरून चाललो.

तो गैरसमज दूर झाला बारा वर्षांनी, साताऱ्यात. तिथल्या शाखेत माझी बदली झाली होती आणि एक वयोवृद्ध डॉक्टर पेन्शनच्या कामासाठी दर महिन्याला येत. एकदा चहा घेता घेता मी त्यांना ती पदपथावरची हकिगत सांगितली. ते हसले. त्या पुस्तकाची चित्रे काढणारा माणूस वेगळाच होता आणि तो याच गावात नऊ वर्षे सिव्हिल सर्जन होता, असे त्यांनी सांगितले. नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ज्या रस्त्याने मी रोज बँकेत जात होतो, त्या रस्त्याने हा माणूस कधीतरी घोड्यावरून गेला असेल, या कल्पनेनेच मला कसेसे झाले.

तेव्हापासून कार्टरने माझा पिच्छा पुरवला आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. जगभरच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी ज्याची चित्रे पाहून शरीर ओळखले, त्या माणसाची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. आणि ज्यांना आहे, त्यांनाही तो बहुधा चित्रकार म्हणूनच ठाऊक असतो. मला त्याच्या दुसऱ्या एका कामाविषयी लिहायचे आहे. १८७७ साली दुष्काळाने पिळवटलेली माणसे मुंबईत आली आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. तो ताप कोणता, हे कार्टरने ओळखले.

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावचा. वाढला तो स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगात समुद्राची चित्रे काढत. धाकटा भाऊही पुढे चित्रकार झाला. अशा घरातला हा मुलगा वैद्यकी शिकायला लंडनच्या सेंट जॉर्जेस इस्पितळात गेला. बोलण्यात मागे, कामात पुढे, अशा जातीचा हा विद्यार्थी. तो रोजनिशी लिहीत असे आणि तीत स्वतःला सतत फैलावर घेत असे. आपण आळशी आहोत, आपल्याला दिशा नाही, देवावरची आपली श्रद्धा पुरेशी नाही, अशी टोचणी त्याला जन्मभर होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसे तो एक अबोल तरुण, हातात पेन्सिल आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला.

हेन्री ग्रे त्याच इस्पितळात शरीररचनाशास्त्र शिकवत होता. वयाने कार्टरहून थोडा मोठा, हुशार, महत्त्वाकांक्षी, वर कसे जायचे याची उत्तम जाण असलेला. ग्रेच्या प्लीहेवरच्या ग्रंथासाठी कार्टरने चित्रे काढली, पण १८५४ साली तो ग्रंथ निघाला तेव्हा कार्टरच्या श्रमांचा त्यात उल्लेखही नव्हता. तरीही पुढच्या वर्षाच्या अखेरीस ग्रेने विद्यार्थ्यांसाठी एक मोठे पुस्तक करण्याची कल्पना मांडली, तेव्हा कार्टर तयार झाला. दोघांनी मिळून दीड वर्ष शवविच्छेदन केले. ते देह होते गरिबांचे. ज्यांच्यावर हक्क सांगायला कुणी नातेवाईक आले नाहीत, असे अनाथगृहांतले आणि इस्पितळांतले मृतदेह त्या काळच्या कायद्याने विद्यार्थ्यांना मिळत. त्या पुस्तकातला हात कुणाचा, गळा कुणाचा, हे कुणालाही ठाऊक नाही.

१८५८ च्या ऑगस्टमध्ये पुस्तक निघाले. साडेसातशे पाने आणि ३६३ चित्रे. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे होते. कार्टरला एकदाच, एकूण दीडशे पौंड. शीर्षकपृष्ठाचे मुद्रित ग्रेकडे तपासायला आले, तेव्हा त्यात दोघांची नावे जवळजवळ सारख्या टायपात होती. ग्रेने कार्टरचे नाव लहान करायला सांगितले आणि नावाखालचे त्याचे नवे प्राध्यापकपद काढून टाकले. बँकेत जन्म काढल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. खतावणी लिहिणारा एक असतो आणि खाली सही करणारा दुसरा. वर्षाअखेरीस लक्षात राहते ती सही. पण ग्रेलाही ते यश फार काळ भोगायला मिळाले नाही. आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्याला देवी आल्या आणि १८६१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

पुस्तक छापून बाहेर पडले, तेव्हा कार्टर इंग्लंडमध्ये नव्हताच. स्पर्धा परीक्षा देऊन तो हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला होता आणि १८५८ च्या मार्चमध्ये मुंबईत उतरला होता. सत्तावनचा उठाव अजून पुरता शमला नव्हता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. इथेच त्याने लग्न केले आणि ते लग्न दुःखाचे ठरले. घरात सुख नव्हते, तेव्हा हा माणूस कामात बुडाला.

साताऱ्याला तो १८६३ ते १८७२ या काळात होता. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा रुततो, महिन्यांनी पाय सुजतो, सुजेला छिद्रे पडतात आणि त्यांतून मोहरीसारखे कण बाहेर येतात, असा एक रोग आपल्याकडे होता आणि आहे. हा रोग बुरशीमुळे होतो, हे कार्टरने सूक्ष्मदर्शकातून पाहून मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. जगभर आजही तेच नाव चालते. महारोगावरही त्याने काम केले, त्यासाठी १८७३ साली रजा काढून नॉर्वेपर्यंत जाऊन आला. दोन्ही रोगांवरची त्याची पुस्तके १८७४ साली निघाली, त्याने स्वतः काढलेल्या चित्रांसह. शरीर उघडून दाखवणारा हात आता रोग उघडून दाखवू लागला होता.

कार्टर मुंबईत परतला आणि पाठोपाठ १८७६ चा पावसाळा दख्खनवर कोरडा गेला.

दुष्काळ म्हणजे काय, हे मी थोडेसे पाहिले आहे. मी माण तालुक्यातला. १९७२ साली अकरा वर्षांचा होतो. गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते, आया-बाया खडी फोडत होत्या, आम्ही पोरे सुकडीसाठी रांगेत उभे राहत होतो आणि लाल मिलोच्या भाकरीला नाके मुरडत होतो. आजी तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची: दुष्काळ एकटा येत नाही, त्याच्यामागून ताप येतो. रोज दुपारी ती आम्हा पोरांना ओळीने बसवून डोक्यातून फणी फिरवायची आणि कपडे उकळत्या पाण्यात बुडवायची. पाणी कुठून आणायचे, या प्रश्नावरून तिचे आणि आईचे रोज वाजायचे. आजीला हे कुणी शिकवले होते, ते मला विचारायचे सुचले नाही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाला सुकडी नव्हती. सोलापूर, सातारा, पुणे, नगर आणि खालचा कर्नाटक, सगळा पट्टा होरपळला. सरकारने रिचर्ड टेंपलला दुष्काळाची पाहणी करायला पाठवले आणि त्याने खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्याचे पैसे आणि वर एक आणा. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. लोकांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज केले. जोतीराव फुल्यांनी धनकवडीला अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवले. हिंदुस्थानभरात मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. जे चालू शकत होते, ते चालत निघाले. हजारो माणसे घाट उतरून मुंबईत आली.

ही माणसे अंगावरच्या एका कपड्यानिशी आली होती. प्यायला पाणी नाही तिथे धुण्याला कुठले? धर्मशाळांत, पडव्यांत, पदपथांवर ती एकमेकांना बिलगून झोपली. आणि मग ती तापाने फणफणू लागली.

मुंबईला ताप नवा नव्हता. त्या काळी डॉक्टरांच्या दप्तरी तापाची वर्गवारी लक्षणांवरून होई. रोज येणारा, दिवसाआड येणारा, न उतरणारा, असे ताप. आणि बहुतेकांचे खापर दमट हवेवर आणि दलदलीच्या वाफांवर फुटे. क्विनाइन द्यायचे आणि वाट पाहायची. दुष्काळाने आलेला ताप अशाच एखाद्या रकान्यात जाऊन बसला असता.

पण हा ताप वेगळा वागत होता. तो एकाएकी येई. माणूस सकाळी उठून बसलेला असे आणि दुपारी थंडीने कुडकुडत असे. ताप १०४, १०५ अंशांवर जाई. डोके फुटायची वेळ येई, पाय आणि पाठ ठणकत, प्लीहा सुजे, कुणाला कावीळ होई, कुणाचा घोळणा फुटे. पाच-सहा दिवस असे काढल्यावर दरदरून घाम सुटे आणि काही तासांत ताप साफ उतरे. या उतारातच काही माणसे दगावत. जो तरून जाई, तो दुसऱ्या दिवशी उठून बसे, जेवायला मागे, घरी जायची घाई करी. आठवडाभर सगळे ठीक. आणि मग कुणाला वाटावे की संपले, तोच ताप पुन्हा येई. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे. ताप उलटला, असे आपण म्हणतो. क्विनाइनला तो दाद देत नव्हता.

कार्टरकडे या सुमारास गोकुळदास तेजपाल इस्पितळाची जबाबदारी होती, आणि जे. जे. इस्पितळातही त्याचा राबता होता. त्याने रुग्णाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होते. धाग्यापेक्षाही बारीक, मळसूत्रासारखी पिळे असलेली, पारदर्शक रेघ. ती स्वतः दिसण्याआधी तिच्या धक्क्याने हलणाऱ्या पेशी दिसत.

असे जंतू पूर्वी एकाने पाहिले होते. बर्लिनच्या ओटो ओबरमायर या तरुण डॉक्टरने १८६८ साली, पंचविशीत, उलटणाऱ्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात ही मळसूत्रे पाहिली होती. पुढची साथ येईपर्यंत त्याला वाट पाहावी लागली. त्याने आपला शोध प्रसिद्ध केला १८७३ साली, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो पटकीने मेला. वय तीस. आता तीच मळसूत्रे मुंबईत, सोलापूर-साताऱ्याकडून आलेल्या भुकेल्या माणसांच्या रक्तात सापडली. युरोपच्या थंड, कोंदट शहरांचा म्हणून समजला जाणारा हा रोग दख्खनच्या दुष्काळात होता.

एका थेंबात एकदा जंतू दिसणे वेगळे आणि रोग ओळखणे वेगळे. कार्टरची खरी करामत पुढे आहे. तो रोज पाहत राहिला. एकाच माणसाचे रक्त सकाळी, संध्याकाळी, ताप असताना, उतरताना, उतरल्यावर. एका बाजूला तापाचा आलेख, दुसऱ्या बाजूला रक्तातल्या जंतूंची नोंद. त्यातून चित्र स्पष्ट झाले. ताप चढलेला असताना जंतू रक्तात सापडतात. घाम सुटून ताप उतरला की ते नाहीसे होतात. मधल्या बऱ्या दिवसांत कितीही शोधा, काच रिकामी. ताप उलटला की ते परत हजर. म्हणजे ज्या डॉक्टरने चुकीच्या दिवशी रक्त पाहिले, तो शपथेवर सांगणार की या माणसाच्या रक्तात काही नाही! पुढे कार्टरने रुग्णाचे रक्त माकडांना टोचले, माकडांना तोच ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू दिसले. त्याचा तो निबंध १८८० साली प्रसिद्ध झाला.

हे काम करता करता तो ताप त्यालाही लागला. शवागारात आणि वॉर्डात रोज त्या रक्ताशी खेळणाऱ्याला तो लागला नसता तरच नवल. तो त्यातून उठला आणि पुन्हा कामाला लागला. १८८२ साली ‘स्पिरिलम फीव्हर’ हा त्याचा जाडजूड ग्रंथ लंडनला निघाला. दुष्काळी ताप किंवा उलटणारा ताप, पश्चिम हिंदुस्थानात पाहिला तसा, अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक आहे. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला स्टुअर्ट पारितोषिक दिले. शीर्षकपृष्ठावर या वेळी नाव एकट्याचेच होते.

उपचार मात्र त्याच्या हाती नव्हता. अन्न, शुश्रूषा, ताप उतरताना माणसाला थंड पडू न देणे, एवढेच तो करू शकत होता. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गर्दीत आणि भुकेत फोफावतो, हे त्याला कळले होते. पण तो जातो कसा? ज्या माणसांच्या बोटातून त्याने रक्त घेतले, त्यांच्याच अंगावरच्या चिंध्यांत उत्तर बसलेले होते.

ते सापडायला तीस वर्षे लागली, आणि सापडले तेही आपल्याच मुलखात. १९०७ साली नाशिकच्या एका मिशनच्या वसतीत उलटणाऱ्या तापाची साथ आली. पर्सिव्हल मॅकी हा वैद्यकीय सेवेतला तरुण अधिकारी चौकशीला गेला. त्याला दिसले की तिथल्या मुलांमध्ये ताप भरमसाट आहे आणि मुलींमध्ये बराच कमी. अन्नपाणी तर सारखेच. फरक एवढाच की मुलांच्या अंगावर उवा फार होत्या. मॅकीने त्या उवांची पोटे तपासली, तर आत मळसूत्रे वाढत होती. या उवा डोक्यातल्या नव्हेत. कपड्यांच्या शिवणींत राहून अंगाचे रक्त पिणाऱ्या. पुढे १९१२ च्या सुमारास ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेवटची कडी जुळवली. ऊ चावल्याने हा ताप येत नाही. माणूस खाजवतो, ऊ चिरडते आणि तिच्या अंगातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. माझ्या आजीचे उकळते पाणी मला तेव्हा आठवले, हे वाचत असताना.

या तापाला एक चुलतभाऊही आहे, गोचिडीचा. आफ्रिकेत १९०४-०५ च्या सुमारास तो उलगडला. कांगोत त्याचा अभ्यास करणारा जोसेफ डटन हा तरुण डॉक्टर त्याच तापाने ग्रासला आणि १९०५ साली तिथेच मेला. ही गोचीड मऊ अंगाची असते, भिंतींच्या भेगांत आणि उंदरांच्या बिळांत राहते, रात्री येऊन थोडा वेळ रक्त पिऊन निघून जाते. झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकेच्या डोंगरांतल्या लाकडी झोपड्यांत सुट्टी घालवणाऱ्यांनाही तो होतो. उवांचा ताप बहुधा एकदोनदा उलटतो, गोचिडीचा अनेकदा.

तो उलटतो तरी का? हे कोडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुटले आणि मला ते बँकेच्या भाषेत चटकन समजले. आमच्याकडे प्रत्येक खातेदाराची नमुना सही असते. खोट्या सहीचा माणूस एकदा पकडला गेला की त्या सहीवर सगळे डोळे ठेवून असतात. शरीरही असेच करते. जंतूच्या बाहेरच्या आवरणाची खूण ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि आठवडाभरात जवळजवळ सगळ्यांना मारते. तोच तो घाम, तोच ताप उतरणे. पण त्यांतले मूठभर जंतू तोवर आपले आवरण बदलून बसलेले असतात. नवी सही घेऊन ते पुन्हा खिडकीशी येतात. तोवर ते इतके थोडे असतात, की कार्टरच्या काचेवर दिसणार कुठून?

आज यावर औषध आहे, आणि ते स्वस्त आहे. टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधे, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, किंवा पेनिसिलिन. उवांच्या तापाला बहुतेक वेळा एकच मात्रा पुरते. गोचिडीच्या तापाला काही दिवसांचा क्रम लागतो. उपचार न झाल्यास उवांच्या तापात शंभरातली दहा ते चाळीस माणसे दगावू शकतात. उपचाराने हा आकडा दोन ते पाचांवर येतो. एक धोका मात्र डॉक्टरला माहीत असावा लागतो. औषध दिल्यावर काही तासांत जंतू एकदम मरतात, त्याची शरीरात उलथापालथ होते, रुग्णाला पुन्हा हुडहुडी भरते, ताप उसळतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून पहिली मात्रा देऊन रुग्णाला घरी पाठवायचे नसते. त्याच्या उशाशी बसायचे असते. आणि कपडे उकळल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

पण औषधाआधी ओळख हवी. ताप आला, उतरला, पुन्हा आला, असे सांगणारा रुग्ण समोर असेल तर हिवतापापाशीच थांबू नये. तो कुठून आला, कुठे झोपत होता, किती जणांत, अंगावरचा कपडा किती दिवसांचा, हे विचारावे. आणि रक्त ताप असतानाच पाहावे. हा रोग इथिओपियात अजून टिकून आहे. २०१५ साली आफ्रिकेच्या त्या टोकाकडून जीव मुठीत धरून निघालेली माणसे युरोपात पोचली, तेव्हा हॉलंड, जर्मनी, इटलीतल्या डॉक्टरांना हा विसरलेला ताप पुन्हा भेटला. दीड शतकापूर्वी घाट उतरून आलेल्यांची आणि या माणसांची गोष्ट काय वेगळी आहे? घर सुटले, पाणी सुटले, एका कपड्यावर महिने काढले.

कार्टर १८८८ साली निवृत्त होऊन स्कारबरोला परतला. जाण्याआधी त्याने उंदराच्या रक्तातही एक बारीक मळसूत्री जंतू शोधला होता आणि हिवतापाचे जंतूही पाहिले होते. १८९० साली त्याने पुन्हा लग्न केले, दोन मुले झाली, उतारवयात थोडे सुख मिळाले. ते फार टिकले नाही. ४ मे १८९७ रोजी क्षयाने तो गेला.

नावाच्या बाबतीत नशिबाने त्याची शेवटपर्यंत चेष्टाच केली. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या उलटणाऱ्या तापाच्या जंतूला त्याच्या गौरवार्थ कार्टरचे नाव देण्यात आले. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की हा जंतू आणि युरोपातला जंतू मुळात एकच. तेही नाव मागे पडले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या नव्या आवृत्त्यांतून त्याची चित्रेही हळूहळू निघत गेली. आता तर त्याच नावाची एक अमेरिकन मालिका आहे आणि पुस्तकाचे नाव काढले की तरुण मंडळी तिच्याविषयी बोलू लागतात.

पूर्वी मला याचे वाईट वाटे. आता वाटते, कार्टरने बहुधा एवढे मनाला लावून घेतले नसते. पाहण्याचे काम नावासाठी करता येत नाही. नावाकडे लक्ष गेले की काचेवरची हालचाल निसटते. मला चुटपुट लागते ती दुसऱ्यांसाठी. लंडनच्या त्या टेबलावरचे देह आणि मुंबईच्या खाटांवर कुडकुडणारी माणसे, ज्यांच्या बोटातल्या थेंबावर सगळे उभे राहिले. शीर्षकपृष्ठावर लहान टायपात का होईना, कार्टरला जागा मिळाली. त्यांना तेवढीही नाही. कदाचित त्यांतला कुणी आमच्या माणचा असेल.

ती जुनी प्रत भावाने डॉक्टर झाल्यावर मला परत दिली. मी तिची पाठ शिवून घेतली आहे. पहिल्या कोऱ्या पानावर, ग्रेच्या नावाच्या आधी, मी शाईने कार्टरचे नाव लिहिले आहे, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरांत. त्याच्या खाली एक ओळ रिकामी ठेवली आहे.